टीव्हीच्या रिचार्जला एक टन ऊस

लागण, खोडवा, ठिबक आणि उसाचे बिल हे या पानांवरचे आपले नेहमीचे विषय. यावेळी आम्ही जरा घरातला विषय घेत आहोत. विषय आहे टीव्हीच्या दरमहाच्या रिचार्जचा, आणि ते बंद करून दूरदर्शनची फ्री डिश बसवावी की नाही याचा. हा काय बातमीपत्रात लिहायचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या खर्चाला उसाचे माप लावता येते तो सभासदांचा विषय आहे, असे आमचे मत आहे.

आधी माप लावून पाहू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये ठरवला. उतारा साडेनऊ टक्क्यांच्या आत असेल तर ३२९० रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे आपल्याला सांगायला नको. आता टीव्हीकडे पाहा. घरात महिन्याला ३०० रुपयांचे पॅक असेल तर वर्षाचे ३६०० झाले. म्हणजे वर्षाकाठी एक टन ऊस, तोही पूर्ण उताऱ्याचा, आपण छपरावरच्या छत्रीत घालतो. तोडणी-वाहतूक धरली तर हा आकडा टनाच्याही पुढे जातो.

आणि हा टन आगाऊ घालावा लागतो, हे विशेष. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे. ते लांबले तर आपण ऑफिसात येतो, बोलतो, सभेत उभे राहतो, आणि शेवटी वाट पाहतो. टीव्हीच्या कंपनीला वाट पाहण्याची सवय नाही. तारीख संपली की पडदा काळा. आमच्या घरी तो नेमका पोळ्याच्या रात्री काळा झाला. पाहुणे बसलेले, ताटे वाढलेली, आणि पडद्यावर सूचना, 'कृपया रिचार्ज करा'. फोन लावला तर पलीकडून सांगण्यात आले की आमचे पॅक बदलले आहे आणि नवीन पॅक ७० रुपयांनी महाग आहे. ते कोणी बदलले, कोणाला विचारून बदलले, याचे उत्तर काही मिळाले नाही. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकाला येतो असे नाही. पण त्या रात्री आम्ही ठरवले की हा व्यवहार एकदा नीट तपासायचा.

तपासताना जुने दिवस आठवले. आपल्यातील वडीलधाऱ्या सभासदांना रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. पुढे तो परवाना गेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आपल्या भागातल्या खेड्यांत टीव्ही दिसायला बराच काळ जावा लागला. १९८७ साली रामायण सुरू झाले तेव्हा गावात दोन-चार संच असतील नसतील. ज्याच्या घरी संच, त्याच्या अंगणात रविवारी सकाळी सारा गाव. एकजण छपरावर चढून ॲल्युमिनियमचा अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं काय?" खालून उत्तर यायचे, "आलं होतं, गेलं!" चित्रात मुंग्या असायच्या. पण एकदा संच घेतला की महिन्याचे देणे कोणाचे नव्हते.

पुढे केबल आली, मग खाजगी छत्र्या आल्या, आणि टीव्ही विजेच्या बिलासारखा दरमहाचा खर्च होऊन बसला. दूरदर्शननेही आपली जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ पर्यंत मोजकी केंद्रे सोडून बाकी सगळी बंद झाली. त्यामुळे जुना अँटेना आता भंगारातच द्यायचा. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत लागू झाली. त्या वेळी पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा नुसता जोडणीचा आकार होता. पैसेवाल्या वाहिन्यांची किंमत त्याच्यावर वेगळी. पुढे या नियमात अनेक बदल झाले. पण आधी उंबरठ्याचे पैसे आणि मग पाटावर बसण्याचे पैसे, ही रीत तेव्हापासून सगळ्यांना कळली.

आता ज्याला आपण फ्री डिश म्हणतो ती काय आहे ते पाहू. ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. पुढे तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. देशातील ४ कोटींहून अधिक घरांत ती आहे असा अंदाज आहे. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घ्यायचा, त्याचा खर्च प्रसार भारती सुमारे २००० रुपये सांगते. त्यानंतर महिन्याचे काही नाही. महिना ३०० चे रिचार्ज वाचले तर सात महिन्यांच्या आत हे पैसे फिटतात. पुढच्या वर्षापासून तो एक टन ऊस आपल्या घरी राहतो.

काहींना वाटते की ही गरिबाची, दुय्यम दर्जाची सोय आहे. त्यांना आम्ही एक इतिहास सांगू इच्छितो. उपग्रहावरून टीव्ही ही गोष्ट आपल्या देशात मुळात शेतकऱ्यासाठी आली. डॉ. विक्रम साराभाई यांनी पाहिलेल्या स्वप्नातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर एक प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात असाच एक उपक्रम चालला, आणि तिथे गावचा टीव्ही संच कुठे ठेवला, तर दूध सोसायटीच्या आवारात! संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसे तिथेच बसून कार्यक्रम पाहत. सहकाराचे आणि फुकट टीव्हीचे नाते असे पन्नास वर्षांचे आहे. तेव्हा फ्री डिश बसवताना कोणी शरमण्याचे कारण नाही.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो, कारण शहाणपण तिथेच शिकलो.

पोळ्याच्या त्या रात्रीनंतर आम्ही रागाच्या भरात रिचार्ज केलेच नाही. बाजाराच्या दिवशी बॉक्स आणला, गावातला एक पोरगा बोलावला आणि छत्री फिरवून घेतली. घरात कोणाला विचारले नाही. विचारायचे काय त्यात, असेच वाटले. दोन दिवस आम्ही मोठ्या ऐटीत होतो. आल्या-गेल्याला एक टन उसाचा हिशोब ऐकवत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की संध्याकाळी सात वाजता माय ओट्यावर जाऊन बसते. विचारले तर म्हणाली, "काही नाही रे बापू, हवा खाते." चौथ्या दिवशी ती शेजारच्या घरी जाऊन बसली. तिथे तिची मालिका लागत होती. ती ज्या वाहिनीवर होती ती पैशाची वाहिनी, आमच्या फुकटच्या यादीत नव्हती.

रात्री जेवताना घरच्या मंडळींनी विषय काढला. "दिवसभर उसात खुरपायचं, घरी येऊन भाकरी टाकायच्या, अन् एक तास टीव्ही पाहायचा तं तोच तुम्ही बंद केला. एक टन ऊस म्हणता. तुमच्या तंबाखूच्या पुड्यांचा किती टन होते, तो हिशोब काऊन नाही मांडला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सभासद बंधूंनो, तंबाखूचा हिशोब आम्ही नंतर गुपचूप मांडून पाहिला. तो इथे छापण्यासारखा नाही.

तेव्हा आमचे पहिले मत असे की फ्री डिश जरूर बसवा, पण घरातली सभा भरवून बसवा. कारखान्याचा निर्णय संचालक मंडळाने परस्पर घेतला तर आपण सर्वसाधारण सभेत जाब विचारतो. मग घरच्या सभासदांनी जाब विचारू नये काय? ज्यांचा तास जाणार आहे त्यांना आधी सांगितले पाहिजे की काय मिळेल आणि काय जाईल.

काय मिळेल? सह्याद्री वाहिनी मिळेल. २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान मिळेल. हिंदी चित्रपट, गाणी, बातम्या यांच्या बऱ्याच खाजगी वाहिन्या मिळतील. शाळेच्या पोरांसाठी शैक्षणिक वाहिन्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा अशाच वाहिन्यांचा गवगवा झाला होता. क्रिकेटवाल्यांसाठीही एक चांगली गोष्ट आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खाजगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले की असे घेतलेले चित्र दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवरच दाखवावे, खाजगी केबल-डिशवर नाही. म्हणजे भारताच्या सामन्यांच्या बाबतीत फुकटवाला उलट फायद्यात राहिला. आयपीएल मात्र यात धरू नका.

काय जाईल? मोठ्या कंपन्यांच्या पैशाच्या मराठी वाहिन्या जातील, आणि त्यांच्यावरच्या नव्या मालिकाही. पोरांना याचे काही वाटत नाही, ती मोबाईलवर आपापल्या कोपऱ्यात पाहतात. वाटते ते माय-बहिणींना. हे नुकसान खरे आहे आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

शिवाय आज मिळते ते उद्या मिळेलच असेही नाही. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागा २०११ पासून लिलावाने दिल्या जातात. वाहिनी प्रसार भारतीला जागेचे पैसे देते आणि जाहिरातीतून ते काढते. मार्च २०१९ मध्ये चार मोठ्या समूहांच्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून एकदम निघून गेल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मराठी वाहिन्यांचीही अशीच ये-जा चालते. एखादी वाहिनी पाहता पाहता सवयीची झाली की एका एप्रिलमध्ये तिच्या जागी भलतीच लागते.

म्हणजे फुकट म्हणतो तेही खरे फुकट नाही. साबणाच्या वडीत, चहाच्या पुड्यात जाहिरातीचा खर्च आपणच भरतो. प्रसार भारती सार्वजनिक पैशावर उभी आहे, तोही आपलाच. आमचे दुसरे मत इथून निघते. खाजगी कंपनीचे आपण गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाइकाने पैसे भरावेत, नाही तर पडदा काळा. पण सार्वजनिक सेवेत आपण गिऱ्हाईक नसून एका अर्थाने सभासद आहोत, आणि सभासदाने गप्प बसायचे नसते. फुकट ते पौष्टिक म्हणून जे वाढले ते खाल्ले, असे करू नये.

मागायचे काय? एक, फ्री डिशवर मराठी मनोरंजनाच्या निदान काही जागा कायमच्या राखून ठेवाव्यात, त्यांचा दरवर्षीच्या लिलावाशी संबंध नसावा. दिवसभर रानात राबलेल्या बाईला आपल्या भाषेत एक तास करमणूक मिळावी, ही मागणी चैनीची नाही. दोन, सह्याद्रीवर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतीला जास्त वेळ द्यावा. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस आणि आपल्याकडचा ऊस यांत फरक आहे. आपल्याकडे पाणी पाहून लागण करावी लागते, सिंदखेड राजा-देऊळगाव राजा पट्ट्यात तर खडकपूर्णा धरणात किती साठा आहे ते पाहूनच. त्या शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचे, त्याच्या पाण्याचे बोलणारा कार्यक्रम हवा. तीन, २०२३ च्या जानेवारीत केंद्राने प्रसारणाच्या सुधारणेसाठी जी योजना मंजूर केली, तीत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत ८ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याची तरतूद होती. लोणार-मेहकरला लागून असलेला वाशिम जिल्हा आकांक्षित यादीत आहे, आपला बुलढाणा नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून शेतमजुराची गरिबी बदलत नाही. अशा तरतुदी करताना भूमिहीन मजूर आणि ऊसतोड कामगार यांची घरे आधी धरावीत. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, त्यांच्याकडे महिन्याच्या रिचार्जला पैसे कुठून येणार?

या मागण्या एकट्या-दुकट्याने पोस्टकार्ड लिहून होत नाहीत. आपल्या गावच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि खासदारांकडे पाठवा. सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत हा विषय मांडता येतो का, तेही आम्ही विचारणार आहोत. उसाच्या दरासाठी आपण एक होतो, तसे कधी संध्याकाळच्या एका तासासाठीही व्हावे.

आता ज्यांचे ठरले असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. चालू रिचार्ज संपू द्या, मगच बदल करा, म्हणजे भरलेले पैसे बुडत नाहीत. खाजगी कंपनीची जुनी छत्री आणि वायर बहुधा उपयोगी पडते, बॉक्स मात्र नवा लागतो. बॉक्स घेताना एमपेग-४ चा आहे का ते विचारून घ्या, जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या जिल्ह्यातून छत्रीचे तोंड आग्नेयेला करावे लागते. त्या दिशेला लिंब, वड किंवा शेजाऱ्याची माडी आडवी येत नाही ना, हे आधी पाहा. आमची छत्री तीन वेळा हलवली, शेवटी कळले की आडवा येत होता तो आमचाच लिंब. झाड तोडले नाही, छत्री गोठ्यावर नेली. जोराचा पाऊस आला की चित्र अडखळते, ते खाजगी छत्रीवरही अडखळते, घाबरू नका. विजा कडाडत असतील तर वायर काढून ठेवा. आणि फ्री डिश चालू ठेवण्यासाठी कोणी महिन्याचे पैसे किंवा चालू करण्याची फी मागू लागला तर देऊ नका. या सेवेला असे देणे नाही.

शेवटी आमच्या घरच्या सभेत काय ठराव झाला ते सांगून थांबतो. फ्री डिश राहिली. पण घरच्या मंडळींनी एक दुरुस्ती सुचवली आणि ती एकमताने मंजूर झाली. रिचार्जचे वाचलेले ३०० रुपये दर महिन्याला ज्यांची मालिका गेली त्यांच्या हातात द्यायचे. ते आमच्या खिशात राहायचे नाहीत आणि खताच्या उधारीतही वळवायचे नाहीत. पहिले तीन महिने मायने ते पैसे लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवले. चौथ्या महिन्यात सुनेला घेऊन शेगावला गेली, महाराजांचे दर्शन घेऊन आली, येताना नातवंडांसाठी पेढे आणले. आता ती सह्याद्रीवर काही ना काही पाहते. "पहिल्यासारखी मजा नाही," असे अजून म्हणते. शेजारच्या घरीही अधूनमधून जाते. जाऊ द्या, तेवढेच दोघींचे बोलणे होते.

तंबाखूचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, आपापल्या घरचे पॅक किती टनाचे आहे, ते एकदा वही घेऊन मांडा. आणि मांडताना शेजारी घरच्या लक्ष्मीला बसवा, म्हणजे हिशोब पुरता होईल.

जय सहकार!